काकडीचा चुरा

"या, या, बसा! लाजायचं काही कारण नाही. इथे सगळे एकाच माळेचे मणी आहेत."

मुख्याध्यापिकाबाईंनी दारात उभ्या असलेल्या माणसाकडे नीट पाहिलंही नाही. बोलता बोलताच शेजारची रिकामी खुर्ची पायाने पुढे ढकलली. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांनी खुर्ची दाखवली की माणसं अजूनही बसत. तोही बसला. त्याच्या एका हातात ओली छत्री होती आणि दुसऱ्या हातात ते पुस्तक. भात, पाव, बटाटा, साखर सोडा. लोणी, अंडी, मांस पोटभर खा आणि बारीक व्हा, असं सांगणारं ते पुस्तक त्या वर्षी अर्ध्या शहराने वाचलं होतं.

"किती कमी करायचंय?" बाईंनी विचारलं.

"मी... म्हणजे मी खरं तर..." त्याने पुस्तक किंचित वर उचललं. मग वर्तुळातल्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "थोडंसं."

"थोडंसं सगळेच म्हणतात. आज काय खाल्लंत?"

त्यावर तो इतका वेळ गप्प राहिला, की खिडकी लावत असलेली ग्रंथपाल वळून बघायला लागली. चाळिशीकडे झुकलेला, ना जाड ना बारीक, शर्टाच्या बाहीवर काळ्या तेलाचा डाग. कोणीतरी अचानक आपल्याच घराचा पत्ता विचारावा आणि तो आठवू नये, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"दोन अंडी," तो शेवटी म्हणाला. "लोण्यात. आणि... पालक, थोडासा."

"शाब्बास!" टाळ्या पडल्या. त्याचे कान लाल झाले. छत्रीचं पाणी त्याच्याच बुटावर ठिबकत राहिलं.

हा गट ग्रंथपालने मोठ्या हौसेने वगैरे काढला नव्हता. वाचनालयात त्या पुस्तकाच्या मोजक्या प्रती होत्या आणि मागणारे ढीगभर. एकदा एका प्रतीवरून एक नर्स आणि एक बेकरीवाला काउंटरपाशीच हमरीतुमरीवर आले. एकाने मलपृष्ठ धरलेलं, दुसरीने मुखपृष्ठ. तेव्हा पुस्तकाचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून ती म्हणाली, "भांडू नका हो. गुरुवारी संध्याकाळी इथेच बसा आणि मिळून वाचा." प्रती तिने गटाच्या म्हणून बाजूला काढल्या. वाचन पहिल्या आठवड्यातच मागे पडलं. लोक यायचे ते आपण काय खाल्लं आणि काय खाल्लं नाही, हे सांगायला.

नियम तिने एकच केला होता: वजन सांगायचं, मोजायचं नाही. काटा वाचनालयाच्या दाराबाहेर. आणि एक रीत आपोआप पडली होती. कोणाचं पाच किलो वजन उतरलं की त्याला तेवढ्या वजनाची पुस्तकं पिशवीत भरून द्यायची, आणि ती घेऊन त्याने दालनाला एक फेरी मारायची. एवढं ओझं आपण अंगावर वागवत होतो, हे हाताला कळावं म्हणून. पुस्तकं ग्रंथपाल निवडायची.

अनुभव म्हणाल तर जितकी तोंडं तितके. नर्सची साखर आटोक्यात आली, जिना चढताना लागणारी धाप गेली. ती पुस्तकाची शपथ घ्यायला तयार होती. मुख्याध्यापिकाबाईंचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि राग असा यायचा की शेजाऱ्याच्या मांजराशीही त्यांचं बोलणं बंद झालं होतं. बेकरीवाल्याचं वजन भराभर उतरत होतं, पण चेहराही उतरत होता. "पहाटे भट्टीतून पाव निघतो," तो म्हणाला होता, "आणि मी त्याच्याकडे परक्या पोरीकडे बघावं तसं बघतो. म्हणजे बघतच नाही."

सगळे गेले तेव्हा तो नवा माणूस मागे राहिला होता. एकेक खुर्ची उचलून भिंतीशी रचत होता.

"राहू द्या, मी करते."

"सवय आहे. दिवसभर उचलाउचलच असते. लिफ्ट दुरुस्त करतो मी." त्याने शेवटची खुर्ची ठेवली. मग वळून अगदी सहज विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही काय खाल्लंत आज?"

ती गोंधळली. इतके गुरुवार ती हा प्रश्न ऐकत होती. तिला तो कोणी विचारला नव्हता.

"काकडी," ती म्हणाली.

त्याने गंभीरपणे मान डोलावली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तिला खूण केली. "इथे... स्वेटरवर. काकडीचा चुरा पडलाय."

तिने खाली पाहिलं. बैठकीआधी मागच्या खोलीत उभ्याउभ्या संपवलेल्या पावाचे कण लोकरीत अडकले होते. ती हसली. मोठ्याने, खळखळून. त्या दालनात शांतता राखा अशी पाटी तिनेच लावली होती.

*

ती पाचव्या मजल्यावर एका खोलीत राहायची. नोकरीसाठी या शहरात आली, तेव्हा वर्षभराचा प्रश्न आहे असं आईला सांगितलं होतं. त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीतली स्वयंपाकघरं दिसत, आणि कोणाकडे कधी दिवा लागतो ते तिला पाठ झालं होतं. कोणाचं नाव मात्र ठाऊक नव्हतं. भात ती एका मुठीचा टाकायची आणि ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच खायची. एकटीसाठी ताट कशाला खरकटं करायचं? घरात ताट होतं एकच, तेही दुधावर झाकण म्हणून असे.

रविवारी दुपारी आईचा फोन यायचा. "जेवलीस का गं?"

"हो."

"काय केलं होतंस?"

मग ती बसल्या बसल्या चारीठाव स्वयंपाक रचून सांगायची. आई समाधानाने फोन ठेवायची. खोली पुन्हा होती तशी व्हायची.

*

तो दर गुरुवारी येऊ लागला. गटात त्याचं नाव लिफ्टवाले पडलं. त्याची पाळी आली की तो मांडीवरचं पुस्तक दोन्ही हातांनी धरायचा आणि डोळे किंचित मिटून सांगायचा: "सकाळी दोन अंडी. दुपारी मासा, लिंबू पिळून. रात्री सूप. साय घालून." पाठ केलेलं म्हणावं इतकं नेमकं. आणि मग: "दीड किलो उतरलं." पुढे: "आता तीन." टाळ्या पडल्या की दर वेळी कानापर्यंत लाल.

खुर्च्या रचण्याचं काम आता दोघांचं झालं होतं. दहा मिनिटांचं काम. ते कसं कोण जाणे, लांबत गेलं.

"लिफ्टमध्ये पाटी असते ना, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो," तो एकदा म्हणाला. "म्हणजे कंपनीच्या हिशेबाने माणूस अडुसष्ट किलोचा."

"आणि एखादा ऐंशीचा निघाला तर?"

"तर त्याच्या शेजारी कोणीतरी छप्पन्नचं हवं. हिशेब जमतो."

"मी एकसष्टची आहे," ती म्हणाली. आणि जीभ चावली. बाईमाणसाने असं आपण होऊन वजन सांगायचं असतं का!

त्याने मनातल्या मनात आकडेमोड केली. ओठ हलले. "मग मला पंच्याहत्तरवर यावं लागेल," तो म्हणाला... आणि खुर्चीशी एकदम फार खटपट करायला लागला.

दुसऱ्या एका गुरुवारी ती कुठे राहते ते बोलण्यात आलं. त्याने विचारलं, "तुमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उसासा टाकते ना?"

ती चकित झाली. "तुम्हाला काय माहीत?"

"या भागातल्या सगळ्या लिफ्टा माझ्याकडेच आहेत. तिला दोनदा तेल दिलं. पण तिसऱ्यावर काहीतरी आठवतं तिला."

त्या रात्रीपासून तिसरा मजला आला की ती कान द्यायची. लिफ्ट खरंच उसासा टाकायची. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तो आपलाच आहे.

त्याचं वजन बोलता बोलता पाच किलोने उतरलं. तिने पिशवी भरली: प्रवासवर्णनांचे दोन खंड, पक्ष्यांवरचं जाड पुस्तक, वर एक छोटा कवितासंग्रह. कविता कशाला, म्हणून नर्सने भुवई उडवली. "वजनात पन्नास ग्रॅम कमी पडत होते," ती म्हणाली.

त्याने पिशवी उचलली. सगळे टाळ्या वाजवत होते. अर्ध्या फेरीत तो खिडकीपाशी थांबला. पिशवी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली, तान्ह्या मुलाला धरतात तशी. वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"आनंद हो, आनंद!" बेकरीवाला म्हणाला. "मलाही रडू आलं होतं."

ग्रंथपालच्या टाळ्या थांबल्या होत्या. तिने दुसरंच काहीतरी पाहिलं होतं. पिशवी उचलताना त्याचा शर्ट वर सरकला आणि कमरेचा पट्टा दिसला. वजन उतरलेल्या माणसाचा पट्टा लपत नाही. नर्सने तर स्वतःच्या पट्ट्याला सुरीने नवी भोकं पाडली होती. याचा पट्टा त्याच जुन्या भोकात होता. तिथलं चामडं वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडून पांढरं पडलं होतं. शेजारचं भोक कोरं करकरीत.

म्हणजे हा थापा मारतोय. कशासाठी, ते तिला कळेना. विचारायचं धाडसही होईना. थाप उघडी पडली तर त्याला गुरुवारी यायचं कारण उरणार नव्हतं. आणि गुरुवार सोडला तर तिच्याकडे होते काय? सहा वार, सगळे एकसारखे.

*

पुस्तकाची लाट जशी आली तशी ओसरली. लोक आता पहाटे अनवाणी चालण्याचं कुठलंसं पुस्तक मागू लागले. वर्तुळातल्या खुर्च्या एकेक करून भिंतीशीच राहू लागल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी एका गुरुवारी उभं राहून जाहीर केलं, "काल मी भात खाल्ला. दोन वाट्या. आणि मग शेजारच्या मांजराला बशीभर दूध दिलं. मी माणसात आले आहे." शेवटी ठरलं: पुढच्या गुरुवारी समारोप.

"आणि मी दवाखान्यातला काटा आणणार," नर्स म्हणाली. "सगळ्यांनी वर चढायचं."

"नियम आहे," ग्रंथपाल पटकन म्हणाली.

"नियम शेवटच्या दिवशी मोडायलाच असतो हो."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. आदल्या आठवड्यात त्याने अकरा किलोचा आकडा सांगितला होता.

त्या संध्याकाळी खुर्च्या रचायला फार नव्हत्या. शेवटची त्याने ठेवली आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. "मला तुम्हाला एक... सांगायचं होतं."

"बोला ना."

दिव्याखाली एक पतंग भिरभिरत होता. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. "पाऊस येईल असं दिसतंय."

पुढच्या गुरुवारी तो आला नाही.

नर्स काट्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली आणि स्वतःच्याच कानशिलांवर बोटं मोडून घेतली. बेकरीवाल्याने आकडा पाहिला. "नऊ गेले होते, सात परत आले," तो म्हणाला. "दोन कुठे राहिले देव जाणे." मग त्याने पिशवीतून मोठा थोरला पाव काढला, अजून कोमट असलेला, आणि हातानेच तोडून सगळ्यांना वाटला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसताना दिसला.

तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. दाराबाहेर पाय वाजला की तिची मान वर व्हायची. एकदा रखवालदार आला, एकदा वारा.

"लिफ्टवाले वरच अडकले वाटतं," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. मग ग्रंथपालचा चेहरा पाहून त्यांनी विषय बदलला, आणि जाताना तिचा दंड जरा दाबला.

खुर्च्या तिने एकटीने रचल्या. दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत झालं.

*

पुस्तक त्याच्याकडेच होतं. मागवता आलं असतं. त्यासाठी वाचनालयाची छापील सूचना होती. पण 'आपणांकडील पुस्तक त्वरित परत करावे' हे त्या माणसाला पाठवायचं? आणि पुस्तक आलं की तो हिशेबही मिटला. ती रोज त्या छापील कागदांचा गठ्ठा उघडायची आणि मिटवायची.

रविवारी दुपारी ती पाव आणायला म्हणून खाली निघाली. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने उसासा टाकला. समोर पाटी होती. आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. आणि त्याखाली, इतकी वर्षं न वाचलेली ओळ: बिघाड झाल्यास संपर्क साधा.

पाव न घेताच ती परत वर आली. पाटीवरचा नंबर तिने फिरवला.

"लिफ्ट... अडकतेय," ती म्हणाली.

"आत कोणी अडकलंय का?" पलीकडचा माणूस घाईत होता.

"हो. म्हणजे नाही. आत नाही."

"मग कुठे?"

"तुम्ही पाठवा ना कोणाला तरी," ती म्हणाली, पत्ता आणि मजला सांगितला आणि फोन ठेवला. मग ओट्याशी गेली. डब्यातून तांदळाची एक मूठ काढली. जरा थांबली. दुसरी काढली. आलाच नाही तर उद्या शिळा खायचा, त्यात काय! 

भात शिजत आला तेव्हा बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज झाला. ती दार उघडून उभी राहिली. खांद्याला हत्यारांची पिशवी लावून तो लिफ्टमध्येच उभा होता. एक पाय आत, एक बाहेर.

"हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "वर-खाली दोनदा फिरवून पाहिली."

"माहीत आहे."

"मग ही खोटी तक्रार?"

"तुम्ही अकरा किलो थापा मारल्या. मी एक लिफ्ट."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याचा हात नकळत कमरेकडे गेला. "तुम्हाला कधी कळलं?"

"पाच किलोला. पट्टा त्याच भोकात होता."

"तुम्ही माझ्या पट्ट्याकडे बघत होतात?"

आता लाल व्हायची पाळी तिची होती. "ग्रंथपालला सगळ्या गोष्टी जागच्या जागी आहेत का, ते बघायची सवय असते," ती म्हणाली. हे तिला स्वतःलाच पटलं नाही.

लिफ्टचं दार त्याच्या खांद्याला लागून मागे सरकत होतं, पुन्हा येत होतं. त्याने पिशवीत हात घातला. पाने-पक्कडींमधून, कापडात नीट गुंडाळलेलं ते पुस्तक काढलं.

"हे आईचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे तिने तुमच्याकडून नेलेलं. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं. मी रोज करून द्यायचो. सकाळी दोन अंडी, लोण्यात... मासा, सूप..." तो थांबला. "थापा नव्हत्या हो त्या. अकरा किलो खरंच उतरले होते. तिचे. गुडघे दुखायचे थांबले, जुनं निळं जाकीट पुन्हा बसायला लागलं. आरशासमोरून हलायची नाही. मग एका रात्री झोपेतच गेली. डाएटचा काही संबंध नाही. वय होतं."

तिने दाराची कड घट्ट धरली.

"मी त्या दिवशी पुस्तक परत करायला आलो होतो. बाईंनी खुर्ची पुढे केली. सांगणारच होतो मी. पण त्यांनी विचारलं, आज काय खाल्लंत. आई गेल्यापासून ते... कोणी विचारलंच नव्हतं." त्याने बाहीने नाक पुसलं. "मी काय खाल्लं होतं ते आठवेना. तिचं आठवलं. तेच सांगितलं. आणि मग दर गुरुवारी तिचंच सांगत गेलो. ती पिशवी उचलली ना, तेव्हा..."

"मी बघितलं," ती म्हणाली.

"काट्यावर कसा चढणार होतो? आणि तुम्हाला वाटलं असतं, हा माणूस टाळ्यांसाठी येतो. मी टाळ्यांसाठी येत नव्हतो."

"मग?"

लिफ्टचं दार पुन्हा येऊन त्याच्या खांद्याला लागलं. या वेळी तो बाहेर आला. दार मागे बंद झालं.

"खुर्च्यांसाठी," तो म्हणाला. "तुमच्याबरोबर खुर्च्या रचायला."

तिने पुस्तक घेतलं. कापडासकट. दोघांची बोटं त्या घडीत क्षणभर अडकली, आणि कोणी घाई केली नाही.

"तुमचं खरं वजन किती?"

"एक्याऐंशी. पहिल्या दिवशीही तेवढंच, आजही."

"म्हणजे आपण दोघं मिळून सहा किलो जास्त भरतो."

"चालतं," तो म्हणाला. "पाटी आठ माणसांची आहे. बाकीचे सहा कुठे आलेत?"

आतून भाताचा वास येत होता. त्याने नकळत मान वळवली, आणि तिने ते पाहिलं.

"जेवलात का?"

"दोन अं..." त्याने सवयीने सुरुवात केली आणि थांबला. "नाही. सकाळपासून काहीच नाही."

"मीही नाही. या. पण ताट एकच आहे घरात."

"मग तुम्ही कशात जेवता?"

"पातेल्यात. ओट्याशी उभी राहून." हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच.

तो हत्यारांची पिशवी दाराशी ठेवून आत आला. हात धुतले. दुधावरचं ताट काढून पुसलं, तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतःसाठी पातेल्याचं झाकण उलटं करून घेतलं. घरातली एकुलती एक खुर्ची त्याने तिच्यासाठी ओढली आणि स्वतः तांदळाच्या डब्यावर बसला. डबा कुरकुरला.

"मोडेल हं," ती म्हणाली.

"भार पेलण्याचं मला शिकवू नका."

तिने भात वाढायला घेतला आणि फोन वाजला. रविवार होता. आई.

"जेवलीस का गं?"

तिच्या तोंडावर नेहमीचं 'हो' आलं होतं. तिने समोर पाहिलं. तो झाकण दोन्ही हातांनी धरून थांबला होता. तिने सुरुवात केल्याशिवाय तो घास घेणार नव्हता.

"नाही आई," ती म्हणाली. "अजून नाही. आत्ता बसतोय. दोघं."

 आई विचारेल कोण, कुठला, काय करतो... सगळी उत्तरं ती मनात जुळवू लागली.

"बरं," आई म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. "मग ठेव आता. गार होईल."